कामापुरत्या इंग्रजीची बाजू

सुशिक्षित मराठी माणसांमध्ये एक मत पक्कं बसलेलं आहे. ‘रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द’, ‘नेहमी लागणारी पाचशे वाक्यं’ असं जे काही वस्तीतल्या क्लासात, स्वस्त पुस्तकात, मोबाइलवर शिकवलं जातं, ते मुळी इंग्रजीच नव्हे. ती घोकंपट्टी, ती पोपटपंची. भाषा शिकायची तर आधी व्याकरण पक्कं करा, मग वाचन वाढवा, उच्चार सुधारा आणि मगच तोंड उघडा. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी आपली मराठी सांभाळावी. शिवाय आता मोबाइलच भाषांतर करून देतो, मग उतारवयात हा खटाटोप कशाला?

हे मत मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं आहे आणि मराठी भाषा दिनाच्या व्यासपीठावरूनही ऐकलं आहे. ते मांडणाऱ्यांचं इंग्रजी बहुधा उत्तम असतं. त्या इंग्रजीवर त्यांनी नोकऱ्या केल्या, बढत्या घेतल्या, मुलांना परदेशी पाठवलं. मी मुंबईत डिलाईल रोडला राहतो आणि संध्याकाळी कामावरून सुटून आलेल्या मोठ्या माणसांना हेच ‘कामापुरतं’ इंग्रजी शिकवतो. दिवसभर उभं राहून आलेली, डोळ्यांवर झोप असलेली माणसं वही उघडून बसतात, आणि बाहेर त्यांच्या या कष्टांची टिंगल चालते. या टिंगलीला मुद्देसूद उत्तर द्यायची वेळ कधीच येऊन गेली आहे.

पहिला आक्षेप पोपटपंचीचा. पाठ केलेलं वाक्य म्हणजे भाषा नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी स्वतःची मराठी आठवून पाहावी. ‘काय, बरंय ना?’, ‘येतो हं’, ‘जेवलास का?’, ‘चालायचंच’ ही वाक्यं आपण दर वेळी नियम लावून घडवतो का? ती आपण अख्खीच्या अख्खी उचललेली असतात. आधी ती तोंडात बसतात आणि मग हळूहळू त्यांची जोडणी कळायला लागते. दोन वर्षांचं मूल ‘मला दे’ म्हणतं, तेव्हा त्याला चतुर्थी विभक्ती कुणी शिकवलेली असते? मराठी ज्या वाटेने आली, त्याच वाटेने इंग्रजी येऊ लागली की ती पोपटपंची कशी होते?

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंची वही इथे उघडून दाखवतो. ताई जवळच्याच एका मोठ्या ऑफिसात हाऊसकीपिंगला आहेत. दोनशे पानी वहीत त्यांनी पट्टीने तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात इंग्रजी वाक्य, देवनागरीत. दुसऱ्यात मराठी अर्थ. तिसऱ्यात ते वाक्य कुठे कानावर पडलं ते: लिफ्ट, पॅन्ट्री, मीटिंग रूम, जिना. कॉफीचं मशीन बंद पडलं तेव्हा ‘इट्स नॉट वर्किंग’ हे वाक्य त्यांनी पॅन्ट्रीत ऐकलं. पुढच्या पानावर त्यातूनच निघालेली वाक्यं आहेत: ‘एसी इज नॉट वर्किंग’, ‘लाइट इज नॉट वर्किंग’, ‘लिफ्ट इज नॉट वर्किंग’. त्याच्याही पुढच्या पानावर आहे, ‘आय अॅम नॉट वर्किंग ऑन सॅटरडे’. हे वाक्य त्यांनी कुठेच ऐकलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः तयार केलं आणि सुपरवायझरला जाऊन सांगितलं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, “सर, मशीन काल बंद होतं, आज चालू आहे. मग कालच्याला ‘इज’ कसं चालेल?” त्या दिवशी वर्गात भूतकाळ शिकवला. त्या प्रश्नापर्यंत ताई एका पाठ केलेल्या वाक्याचं बोट धरून आल्या होत्या. पोपट असे प्रश्न विचारत नाही.

दुसरा आक्षेप व्याकरणाचा. आधी पाया, मग इमारत, असं हे म्हणणं. ते खरं असतं, तर मराठी माध्यमातून दहावी झालेला प्रत्येक जण आज घडाघडा इंग्रजी बोलला असता. कारण आपल्या शाळांनी वर्षानुवर्षं हेच तर केलं. पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आलं. पण परीक्षेत मुलं काय करत राहिली? ‘डू अॅज डायरेक्टेड’. व्हॉइस बदला, रिपोर्टेड स्पीच करा, ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा. या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला मुलगा मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर गप्प बसतो. तो मुलगा मठ्ठ नसतो. त्याच्याकडून वाक्यं फिरवून घेतली, एकही वाक्य कुणाला उद्देशून बोलून घेतलं नाही.

या मुद्द्यावर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा दाखला हटकून दिला जातो. त्या पुस्तकाबद्दल मला आदर आहे. कित्येक पिढ्या त्यावर वाचायला, लिहायला, अर्ज आणि टिपणं तयार करायला शिकल्या. पण त्याचं काम त्याच्या नावातच लिहिलेलं आहे. कचेरीत बसून मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करणाऱ्या माणसाला जे हवं होतं, ते त्याने दिलं. आज रिसेप्शनच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीला समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. आधी मनात मराठी वाक्य, मग त्याचा काळ, मग कर्ता-कर्म, मग भाषांतर, एवढं होईपर्यंत समोरचा माणूस लिफ्टने वर गेलेला असतो. तिला तयार वाक्य लागतं. तिची ही गरज कमी दर्जाची का ठरावी?

आणि थोडक्या शब्दांचं इंग्रजी ही काही चाळीतल्या क्लासवाल्यांनी काढलेली पळवाट नाही. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात नावाजलेल्या माणसांनी यावर आयुष्य घालवलं आहे. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ त्या वेळच्या अखंड बंगालात, ढाक्याला, काम करत होता. आपल्याच देशातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना, नेमके कोणते शब्द आधी द्यावेत हा प्रश्न त्याला पडला. 1953 साली त्याने सुमारे 2000 शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरातले सुमारे 80 टक्के शब्द या यादीत सापडतात. त्याच्याही आधी, 1930 मध्ये, सी. के. ऑग्डन यांनी 850 शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं होतं. सगळ्यात उपयोगी पडणारे थोडके शब्द आधी शिकवा, हे या दोघांच्याही कामाचं सार. आमच्या ताईंची वही त्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की कोणता शब्द आधी लागतो याची पाहणी त्यांनी स्वतः, पॅन्ट्रीत आणि जिन्यावर उभं राहून केली आहे.

एवढं मान्य की पाचशे वाक्यांच्या जोरावर शेक्सपिअर वाचता येत नाही. पण तो वाचायचाय असं या माणसांपैकी म्हटलं कुणी? ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असल्या पाट्या लावणारे क्लासवाले लोकांना फसवतात, हेही मान्य. त्यांना जरूर झोडपा. पण फसवणाऱ्याचा राग फसलेल्या माणसावर का निघतो?

तिसरा आक्षेप उच्चारांचा. तो कुणी सरळ मांडत नाही, हसून मांडतो. कुणी ‘हापिस’ म्हटलं, कुणी ‘स्नॅक्स’चं ‘स्नेक्स’ केलं की पुढचे चार महिने तो किस्सा फिरतो. ज्याचं हसू झालं तो मात्र पुन्हा तोंड उघडत नाही. मी शिकवतो त्या वर्गात व्याकरणाची भीती फार थोड्यांना असते. ‘लोक हसतील’ ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. चाळिशीतला माणूस, दोन मुलांचा बाप, ‘गुड इव्हिनिंग’ म्हणताना खाली बघतो. ही भीती त्याला परक्या साहेबाने घातलेली नाही. ती घातली त्याच्याहून चार यत्ता जास्त शिकलेल्या आपल्याच माणसांनी. इंग्रजी ही ज्यांची मायबोली नाही अशी माणसं आज जगात ती मायबोली असणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने बोलतात. प्रत्येक जण आपापल्या सुरात बोलतो आणि जगाचे व्यवहार होतात. मग हसण्यासाठी आपल्याला आपलाच माणूस का सापडतो?

या ठिकाणी गिरणगावाच्या इतिहासाची आठवण करून द्यायला हवी. 1856 साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, डिलाईल रोड हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला. यंत्रं आली लँकेशायरहून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून. ती चालवायला माणूस आला कोकणातून आणि घाटावरून, बहुतेक वेळा निरक्षर. त्याने स्पिंडल, बॉबिन, कार्डिंग, वाइंडिंग, लूम, डॉफर, जॉबर हे सगळे शब्द हाताखालून घातले, आपल्या जिभेला जमतील तसे वळवले आणि शंभरावर वर्षं त्या शब्दांवर या शहराचा कापडधंदा चालवला. त्याच्या उच्चारामुळे कुठल्या मालकाचं कापड कमी निघालं? तेव्हा त्याचं हे तोडकंमोडकं इंग्रजी कुणाला खुपलं नाही, कारण ते मालकाच्या कामाचं होतं. आज त्याचीच नात साहेबाच्या नजरेला नजर देऊन ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणायला शिकते, तेव्हा मात्र तिचा उच्चार खटकतो. कष्टकऱ्याने यंत्राशी इंग्रजीत बोललेलं चालतं आणि माणसाशी बोललेलं चालत नाही, असाच याचा अर्थ झाला.

चौथा आक्षेप नवा आहे: मोबाइल आहे ना, मग शिकायचं कशाला? ज्यांनी भाषेअभावी कधी अडचण सोसलेली नाही, त्यांनाच हे सुचू शकतं. परळ हा केईएम, टाटा, वाडिया अशा मोठ्या हॉस्पिटलांचा भाग. राज्यभरातून माणसं इथे येतात. कुठल्याही हॉस्पिटलातला डिस्चार्ज कार्डाचा कागद घ्या. ‘फॉलो-अप आफ्टर टू वीक्स’, ‘फास्टिंग’, ‘बिफोर फूड’, ‘स्टॉप इफ रॅश’. हे चार-सहा शब्द ज्याला येतात तो घरी जाऊन औषध बरोबर देतो. ज्याला येत नाहीत तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलाची वाट बघत बसतो. मोबाइलने कागदाचा फोटो काढून अर्थ कळेलही, पण डॉक्टर समोर उभे आहेत, मागे रांग आहे, आणि आत्ताच्या आत्ता ‘इज इट सीरिअस, डॉक्टर?’ एवढं विचारायचं आहे, त्या क्षणी खिशातलं यंत्र काय कामाचं? मुलाखतीच्या खोलीत जाताना तर मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात. फोनवर गिऱ्हाईक खेकसत असतं तेव्हा भाषांतर करून घ्यायला उसंत मिळते का? आणि ज्यांना ही सोय एवढी पुरेशी वाटते, त्यांनी स्वतःच्या नातवंडांची इंग्रजी शाळा काढून त्यांच्या हातात नुसता मोबाइल दिल्याचं अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

पाचवा आक्षेप मराठीचा, आणि तो मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण मराठीवर माझा जीव आहे. इंग्रजीच्या या नादापायी मराठी मरते, असं सांगितलं जातं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आमच्या वर्गातही झाला. पण हिशेब नीट मांडू. मराठी शाळांचे वर्ग कुणामुळे ओस पडले? ताईंच्या वहीमुळे? त्या मराठीत विचार करतात, मराठीत अर्थ लिहितात, मराठीत शंका विचारतात. आमच्या वर्गात इंग्रजी मराठीतूनच शिकवलं जातं आणि तसंच ते मोठ्या माणसांना लवकर कळतं. इंग्रजी हवं तर घरातली मराठी बंद करा, लेकराला बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात घाला, ही शिकवण वस्तीतून वर गेलेली नाही, वरून खाली आलेली आहे. वरच्यांनी आधी आपली मुलं नेली आणि मग खालच्यांना भाषेवरच्या प्रेमाची आठवण करून दिली.

उलट मी म्हणतो की कामापुरतं इंग्रजी चांगलं शिकवणं हे मराठी शाळा वाचवण्याचं एक मोठं साधन आहे. बीडीडी चाळीतल्या आईबापांना कादंबऱ्या वाचणारं इंग्रजी नको असतं. आपलं पोर चारचौघांत अडखळू नये, एवढंच त्यांचं मागणं असतं. मराठी शाळेतून बाहेर पडणारं मूल न घाबरता इंग्रजीत आपलं म्हणणं मांडू लागलं, तर किती पालक पदरमोड करून, न परवडणाऱ्या फिया भरून, घरी कुणालाच न समजणाऱ्या माध्यमात मूल घालतील? मराठीचे कैवारी म्हणवणाऱ्यांनी या वहीवाल्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं होतं. त्यांनी या वहीवाल्यांनाच आरोपी केलं.

आता शेवटचा आक्षेप. तो उघड कुणी बोलत नाही, पण बाकीच्या सगळ्यांच्या तळाशी तोच आहे: ‘यांना करायचंय काय इंग्रजीचं?’ याला उत्तर आमच्या रस्त्याच्या नावातच आहे. डिलाईल रोडचं कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते हेच जोशी. त्या परिषदेत भारतातल्या कारखान्यांसाठी आठवड्याचे 60 तास ही मर्यादा ठरली आणि 1922 च्या फॅक्टरी कायद्यात ती उतरली. त्याच 1919 सालात परळच्या बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू इंग्रजीत मांडत होते. चाळीतल्या माणसाचं भलं-बुरं इंग्रजीत ठरत होतं आणि ज्यांना ती भाषा येत होती, ते त्याच्या वतीने बोलत होते. जोशींनी वॉशिंग्टन गाठलं, पण रात्रशाळाही चालवल्या. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलावं एवढ्यावर कामगाराने थांबू नये, हे त्यांना कळत होतं.

ते काम अपुरं राहिलं आणि त्याची किंमत या वस्तीने मोजली. गिरणी कामगाराच्या आयुष्यावर ज्या कायद्याची सत्ता चालली, तो 1946 चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अॅक्ट, म्हणजे बीआयआर अॅक्ट. मान्यताप्राप्त युनियन कोणती, बोलणी कोण करणार, हे तो कायदा ठरवत होता. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तो संपही या कायद्याच्या भिंतीवर आपटला. प्रत्येक नाक्यावर या कायद्याचं नाव घेतलं जाई, पण तो उघडून वाचू शकतील असे किती जण होते? नंतर गिरण्या बंद झाल्या, जमिनींचं काय करायचं ते विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ठरलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सगळा कारभार इंग्रजीत. इंग्रजी आलं असतं तर संप जिंकला असता, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण कुठे सही करतोय हे तरी सही करणाऱ्याला कळलं असतं.

आज गिरण्यांच्या जागी मथुरादास मिल कंपाउंडसारखी ऑफिसांची आवारं उभी आहेत. ज्या गेटातून आजोबा पाळीवर जात, त्याच्या आसपासच्याच गेटावर नातू सिक्युरिटीच्या गणवेशात उभा असतो, नात रिसेप्शनला किंवा हाऊसकीपिंगला असते. बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर मिळणार म्हणून बैठका झाल्या, इतर जुन्या चाळींत बिल्डरचे करारनामे आले. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, ट्रान्झिट, पझेशन, ओसी (ऑक्युपेशन सर्टिफिकेट). हे शब्द आज या रस्त्यावर पीठ-मिठाइतके रोजचे आहेत. कार्पेट आणि बिल्ट-अप यातला फरक ज्याला कळला, त्याला आपलं घर नक्की केवढं ते कळलं. ओसी म्हणजे काय हे ज्याने विचारलं, त्याला पाणी आणि वीज कायमची कधी मिळणार ते विचारता आलं. इतक्या साध्या शब्दांवर माणसाचा निवारा अवलंबून असताना ‘यांना काय करायचंय इंग्रजीचं’ हा प्रश्न करणाऱ्याला ही वस्ती ठाऊकच नाही.

म्हणून माझं म्हणणं ठामपणे पुन्हा सांगतो. रोजचे इंग्रजी शब्द आणि नेहमीची वाक्यं शिकणं ही भाषेची थट्टा नाही, भाषा शिकण्याची तीच खरी सुरुवात आहे. ती कुठल्याही वयात होऊ शकते, मराठीचा हात न सोडता होऊ शकते आणि चुका करतच होऊ शकते. ज्यांना उत्तम इंग्रजी येतं त्यांच्याकडे या माणसांचं एक साधं मागणं आहे: शिकवता येत असेल तर आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, येत नसेल तर निदान हसू नका. मराठी शाळांनी पहिल्या यत्तेपासून मुलांना इंग्रजी बोलतं करावं, रात्रशाळांनी मोठ्यांना बोलतं करावं, आणि सरकारने त्यासाठी शिक्षक आणि पैसा द्यावा. नारायण मल्हार जोशींचं नाव रस्त्याला दिलं तेवढ्याने त्यांचं देणं फिटत नाही. या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला आपल्या हक्काचा कागद स्वतः वाचता आला पाहिजे, आपली नोकरी स्वतः मागता आली पाहिजे, डॉक्टरला, साहेबाला, बिल्डरला स्वतः प्रश्न विचारता आला पाहिजे. त्यासाठी लागेल तेवढं इंग्रजी तो शिकणार, त्याला जमेल तसं बोलणार, आणि त्याबद्दल त्याने कुणाचीही माफी मागण्याचं कारण नाही.